यूच्या झाडाबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात युरोपातल्या जुन्या झाडांवर छोटा मजकूर दिला होता, त्यात यू (yew) या सदाहरित, सूचिपर्णी झाडाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या. पण पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक यूबद्दलच! म्हणून यावेळचं सगळं सदर यूला दिलंय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात यूचं प्रचंड मोठं, आतून पोकळ झाड बघितलं. पाटीवर वय ३००० वर्षं लिहिलं होतं. हे वय मोजतात कसं आणि ते खरं मानायचं का?

झाड खूप जुनं असणार यात शंका नाही, पण पाटीवरचा आकडा जरा हात राखूनच घ्या. झाडाचं वय काढायची नेहमीची पद्धत म्हणजे खोडातली वर्षवलयं मोजणं, आणि नेमकं तेच यूच्या बाबतीत जमत नाही, कारण काही शतकं झाली की यू आतून पोकळ व्हायला लागतो आणि सगळ्यात जुनं लाकूड, म्हणजे ज्यावरून वय कळलं असतं तेच, कुजून गेलेलं असतं. कार्बन डेटिंगचंही तेच, सुरुवातीच्या वर्षांचं लाकूडच शिल्लक नाही तर तपासणार काय. मग हातात उरतो बुंध्याचा घेर. जुन्या नोंदींतला घेर आणि आजचा घेर ताडून वाढीचा वेग काढतात आणि त्यावरून मागे हिशोब करत जातात. पण यू काही सरळ हिशोबात वाढत नाही, कधी जोमाने वाढतो, कधी वर्षानुवर्षं जवळपास थांबल्यासारखा राहतो, त्यामुळे एकाच झाडाचे दोन जाणकारांनी काढलेले आकडे हजार-हजार वर्षांनी वेगळे निघतात.

स्कॉटलंडमध्ये पर्थशरला फोर्टिंगॉल नावाचं खेडं आहे, तिथल्या चर्चच्या आवारातला यू यातला सगळ्यात प्रसिद्ध. १७६९ साली निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट यांनी त्याचा घेर ५६ फुटांहून जास्त नोंदवला होता. तेव्हाच तो बुंधा फाटलेला होता आणि आता तर एक अखंड खोड असं राहिलेलंच नाही, एका मोठ्या वर्तुळावर वेगवेगळी खोडं उभी आहेत असं दिसतं. त्यात आठवण म्हणून लोक लाकडाचे तुकडे तोडून न्यायचे, शेवटी भोवती भिंत बांधावी लागली. त्याचं वय बरेच जण २००० ते ३००० वर्षं धरतात, काही जण ५००० पर्यंत जातात. वेल्समधल्या लँगर्निव्हच्या यूबद्दल ४००० वर्षांचा दावा केला जातो. मला विचाराल तर हे आकडे चढवत नेण्याची गरजच नाही, दीड हजार वर्षं उभं असलेलं झाड म्हटलं तरी त्याच्यासमोर माणूस गप्पच होतो.

खरं नवल वयापेक्षा तो जगतो कसा यात आहे. बाकी बहुतेक झाडांचा बुंधा पोकळ झाला की आपण म्हणतो आता याचं काही खरं नाही. यू पोकळ झाल्यावर पुढे शतकानुशतकं जगतो! बाहेरच्या बाजूला नवं लाकूड चढत राहतं, जुन्या खोडातून कुठूनही नवी पालवी फुटते, खाली वाकलेली फांदी जमिनीला टेकली की तिथे मुळं धरून तिचंच नवीन झाड होतं, आणि कधीकधी वरच्या फांदीतून एक मूळ त्या पोकळीतून खाली उतरतं, जमिनीत शिरतं आणि जाड होत होत आतल्या आत नवं खोड बनतं. सरेमधल्या क्राउहर्स्टच्या यूची पोकळी इतकी मोठी की १९व्या शतकात तिला चक्क दरवाजा बसवला. नॉर्मंडीत ला हे द रूतो गावी दोन पोकळ यूंपैकी एकात छोटं चॅपल आहे आणि दुसऱ्यात प्रार्थनेची जागा, आणि दोन्ही झाडं हिरवीगार आहेत.

अमर मात्र कोणी नाही. हॅम्पशरमधल्या सेलबोर्नचा जुना यू जानेवारी १९९० च्या वादळात मुळासकट आडवा झाला, लोकांनी खटपट करून तो पुन्हा उभा केला, पण तो जगला नाही.

प्रश्न : ही झाडं चर्च आणि दफनभूमीतच का दिसतात? धनुष्यांसाठी लावायचे असं वाचलंय.

धनुष्याची गोष्ट सांगायला छान आहे, पण पटत नाही. एका आवारात एक-दोन झाडं, त्यांची खोडं वाकडीतिकडी, गाठाळ, त्यातून सैन्याला पुरतील एवढी सरळ लाकडं कुठून निघणार? इंग्लंडमध्ये धनुष्याचं चांगलं लाकूड बाहेरून यायचं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. दुसरं कारण असं सांगतात की झाड विषारी असल्याने लोक आपली गुरं तिथे घुसू देणार नाहीत आणि कबरी सुरक्षित राहतील. असा उपयोग झालाही असेल, पण तेवढ्यासाठी कोणी झाड लावलं असेल असं मला वाटत नाही, कारण भिंत घातली की काम भागतं.

त्यापेक्षा सोपं कारण म्हणजे यू बारा महिने हिरवा असतो. हिवाळ्यात आजूबाजूची सगळी झाडं उघडी पडलेली असताना हा एकटा गडद हिरवा, त्यामुळे मृत्यूनंतरच्या जीवनाची खूण म्हणून तो ख्रिस्ती लोकांना जवळचा वाटला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी ताडाच्या झावळ्या लागतात, त्या उत्तर युरोपात कुठून आणणार, मग यूच्या डहाळ्या वापरायचे, कबरीतही ठेवायचे.

आता सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतो तो मुद्दा : काही यू शेजारच्या चर्चपेक्षा जुने आहेत का? वेल्समध्ये जुन्या संतांच्या नावाची चर्च आहेत, त्यांची आवारं गोलसर आहेत आणि कडेला मोठाले यू आहेत. तिथे लोक म्हणतात की आधी पवित्र झाड होतं, मग त्याच्या आधाराने चर्च आलं. काही ठिकाणी असं झालं असेलही, पण एखाद्या ठराविक झाडाकडे बोट दाखवून हे सिद्ध करणं फार अवघड, कारण पुन्हा गाडी वयावरच येऊन अडते. यूला मान होता याबद्दल मात्र वाद नाही. नॉर्स पुराणात धनुर्धारी देव उल् यूच्या दरीत राहतो. स्पेनच्या अस्तुरियास भागात यू चर्चच्या बाजूलाच असतो आणि त्याच्याखाली गावाची सभा भरायची. टेम्सच्या काठावर अँकरविकला एक जुना यू आहे, त्याच्या समोरच्या काठावरचं कुरण म्हणजे रनीमीड, जिथे १२१५ साली किंग जॉनने मॅग्ना कार्टाला, म्हणजे राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेला, मान्यता दिली. जपानमध्ये यूच्या तिथल्या भावाला इचिई म्हणतात, शिंतो पुजारी हातात जी चपटी पट्टी धरतात ती त्याच्या लाकडाची करतात.

प्रश्न : लाल फळं फार सुंदर दिसतात. ती खाल्ली तर खरंच माणूस मरतो का?

याचं उत्तर नीट वाचा, अर्धवट माहिती धोक्याची आहे. यूमध्ये टॅक्सीन नावाची विषारी द्रव्यं असतात, ती पानांत, सालीत, लाकडात आणि बीमध्ये असतात, हृदयाचे ठोके बिघडवतात आणि हृदय बंद पडू शकतं. विष नसतं ते फक्त बीभोवतीच्या लाल, मऊ, गोडसर गरात. पण त्या गराच्या आतच बी असते आणि ती चावली गेली की विष बाहेर येतं, म्हणून "फळ खाता येतं" हे वाक्य कुठे वाचलं तरी विसरून जा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. याच्यावर खास असा उतारा नाही, त्यामुळे कोणी पानं किंवा बिया खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

कस्तूर जातीच्या पक्ष्यांचं मात्र छान जमतं, ते गर पचवतात आणि बी न फुटता तशीच बाहेर पडते, यूचा प्रसार असाच होतो. हरणं पाला खातात आणि त्यांना फारसं काही होत नाही, घोडे आणि गुरं मात्र थोड्याशा पाल्याने मरतात. घोडा मरून पडलाय आणि तोंडात अजून यूची डहाळी आहे असं आढळल्याच्या नोंदी आहेत. वाळलेल्या फांद्यांतलं विष जात नाही, म्हणून छाटलेला पाला जनावरांच्या वाटेत टाकणं म्हणजे झाड लावण्यापेक्षा मोठा धोका.

हे विष लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की गॉलमधल्या (आजचा फ्रान्स-बेल्जियमचा भाग) एब्युरोन्स टोळीचा म्हातारा राजा कातुवोल्कस याने, रोमनांविरुद्धचा उठाव फसल्यावर, यूने स्वतःचा जीव घेतला, हे इसवी सनपूर्व ५३ मधलं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की यूच्या लाकडाच्या भांड्यातून वाइन पिऊन प्रवासी मेले, आणि ग्रीसमधल्या आर्केडियात यूखाली झोपलेला माणूसही मरतो, पण झाडात तांब्याचा खिळा ठोकला की ते निरुपद्रवी होतं. सावलीने कोणी मरत नाही आणि खिळ्याने विष जात नाही, पण या झाडाची दहशत किती होती ते यावरून कळतं.

प्रश्न : यूचं झाड नराचं मादी होतं असं ऐकलं, खरं आहे?

यूमध्ये साधारणपणे नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. लाल फळं मादीवर येतात. नर झाडावरून हिवाळा संपता संपता फांदी हलवली तर परागकणांचा धूर उठतो. पण २०१५ साली फोर्टिंगॉलच्या नर यूवर, बाहेरच्या एका छोट्या फांदीवर, लाल फळं सापडली. सगळं झाड बदललं नव्हतं, फक्त तेवढी एक फांदी मादी झाली होती. सूचिपर्णी झाडांत असं क्वचित होतं.

प्रश्न : इंग्लंडच्या धनुष्यांपायी युरोपातला यू संपला असं म्हणतात. यात किती तथ्य?

बरंच आहे. पण जरा मागून सुरुवात करू, कारण यू आणि माणसाचं नातं इंग्लंडपेक्षा, शेतीपेक्षाही जुनं आहे. १९११ साली इंग्लंडमध्ये क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर भाल्याचं टोक सापडलं, यूच्या लाकडाचं, सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीचं, म्हणजे आपली आजची मानवजात यायच्याही आधीचं! जर्मनीत लेरिंगन इथे १९४८ मध्ये एका नामशेष झालेल्या हत्तीच्या बरगड्यांत यूचा भाला मिळाला, तो सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. आणि १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्याजवळ यूचं अर्धवट तासलेलं धनुष्य होतं, त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीचा दांडाही यूचाच.

सगळ्यांना यूच का हवा होता, तर त्याच्या लाकडात दोन वेगळे गुण शेजारी-शेजारी असतात. सालीलगतचं पांढरट लाकूड ताण सहन करतं, आतलं तांबूस लाकूड दाब सहन करतं. धनुष्य करताना दोन्ही थर राहतील असं लाकूड काढायचं, पांढरं बाहेरच्या बाजूला, तांबूस पोटाच्या बाजूला, की वाकवल्यावर दोन्ही आपापलं काम करतात आणि सोडलं की जोरात सरळ होतात. लाकडात डिंकाळ राळ नसते, वाढ हळू म्हणून धागा दाट असतो. क्रेसी १३४६, अजिंकूर १४१५, या लढायांत इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंचांची दाणादाण उडवली ती याच धनुष्यांनी.

आणि मग मागणी वाढत गेली. १४७२ च्या कायद्याने इंग्लंडला येणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्याची ४ लाकडं आणणं बंधनकारक झालं, १४८४ मध्ये रिचर्ड तिसऱ्याच्या काळात परदेशी गोड वाइनच्या दर पिंपामागे १० लाकडं द्यायची अट आली. आल्प्सच्या जंगलातून, बव्हेरिया-ऑस्ट्रियातून लाकूड नद्यांनी खाली येत राहिलं, आणि १६व्या शतकात तिथे चांगला यू मिळेनासा झाला. हळूहळू वाढून तयार झालेली खोडं धनुष्यांसाठी जायची, मागे नवं लावण्याची कोणाला गरज वाटली नाही. १५४५ मध्ये बुडालेलं इंग्लंडचं मेरी रोझ हे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावरची १३७ अखंड धनुष्यं मिळाली, साडेतीन हजारांवर बाण मिळाले. एवढा साठा एका जहाजावर, यावरून बाकीचा अंदाज तुम्हीच करा. १५९५ मध्ये इंग्लंडने आपल्या प्रशिक्षित तुकड्यांतून धनुष्यं काढून बंदुका दिल्या आणि यूची सुटका झाली. म्हणजे झाडाची दया येऊन कोणी थांबलं नाही, बंदूक आली म्हणून थांबले. हे मला दरवेळी वाचताना टोचतं.

प्रश्न : कॅन्सरचं औषध यूपासून मिळतं असं डॉक्टरांनी सांगितलं. विषारी झाडातून औषध कसं?

आईच्या उपचारात पॅक्लिटॅक्सेल चालू असल्याचं तुम्ही लिहिलंय, त्यांना लवकर बरं वाटो. यूपासून मिळणारं औषध ते हेच, आणि ते टॅक्सीन या विषापेक्षा वेगळं द्रव्य आहे, आणि याच्या शोधात आपल्या ओळखीचं एक गाव येतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूची साल गोळा केली. तेव्हा कॅन्सरवर उपयोगी पडेल असं काही सापडतंय का म्हणून हजारो वनस्पती तपासणं चालू होतं. हा यू तिथे किरकोळ झाड समजला जायचा, मोठी झाडं तोडली की त्याचा कचरा जाळून टाकायचे. सालीचा अर्क कॅन्सरच्या पेशी मारतो असं दिसलं आणि नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं, १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे डॉ. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात. चिनी झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरविरोधी द्रव्याचा शोधही या दोघांच्याच नावावर आहे. २०२० मध्ये डॉ. वाणी गेले. एवढं मोठं काम केलेल्या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

औषध काम कसं करतं ते १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशीचं विभाजन होताना आत बारीक नळ्यांची जुळणी होते, काम झालं की त्या सुटतात. हे औषध त्या नळ्यांना सुटूच देत नाही, पेशी विभाजनाच्या मध्येच अडकते आणि मरते. १९९२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी.

आणि मग धनुष्यांच्या काळासारखी पुन्हा तीच वेळ आली. साल काढली की झाड मरतं, एका रुग्णासाठी अनेक झाडं लागायची, एक किलो औषधाला हजारो. एका बाजूला औषधाची वाट बघणारे पेशंट, दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांत जेमतेम मांडीएवढं जाड होणारं झाड. यावेळी वाट काढली ती फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी युरोपीय यूच्या पानांतून औषधाच्या जवळचं एक द्रव्य काढलं, ज्यावर प्रयोगशाळेत पुढची प्रक्रिया करून औषध तयार होतं, डोसेटॅक्सेल हे भावंड औषधही त्यातूनच आलं. अमेरिकेत रॉबर्ट हॉल्टन यांनी हीच दिशा मोठ्या उत्पादनापर्यंत नेली. पानं छाटली तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात, झाड जागेवर राहतं. आता यूच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही हे औषध बनवतात. मला तर सगळ्या इतिहासात हा एक टप्पा सगळ्यात मोठा वाटतो, झाड न मारता त्याच्याकडून घ्यायचं कसं हे माणसाला उशिरा का होईना सुचलं.

प्रश्न : आपल्या हिमालयातही यू आहे ना? आणि तालीसपत्र म्हणजे यूच का?

आहे. उत्तराखंडात थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. थंड, सावलीच्या डोंगरउतारांवर, देवदार आणि ओकच्या जंगलात तो असतो. १९९०च्या दशकात औषधाची मागणी वाढली तेव्हा इथल्या यूचे हाल झाले, साल आणि पाला बेसुमार ओरबाडला गेला. १९९५ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार) खाली नियंत्रित आहे आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो आज धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे. नुकसान भरून यायला वेळ लागतो, कारण बी रुजायलाच दीड-दोन वर्षं जातात आणि रोप फार हळू वाढतं. म्हणून फांद्यांची छाटकलमं करून रोपं तयार करण्यावर भर आहे. पाला घ्यायचाच असेल तर अशा लावलेल्या झाडांचा घ्यावा, जंगलातला नाही, याबाबत माझं मत ठाम आहे.

तालीसपत्राचं म्हणाल तर आयुर्वेदाच्या अधिकृत संहितेत त्या नावाने हिमालयातल्या एका फर झाडाची पानं धरलेली आहेत, यूची नाहीत. पण बाजारात याच नावाखाली यूची पानंही विकली गेलेली आहेत, दोन्ही वाळल्यावर चटकन ओळखू येत नाहीत. त्यामुळे सुटा पाला आणून घरी काढा करणं टाळा, वैद्यांनी दिलेलं आणि नीट तपासलेलं औषधच घ्या.

प्रश्न : यूचं कुंपण इतकं आखीव कसं राहतं? आणि छाटलेल्या पाल्याचं काय करतात?

जुन्या लाकडातूनही पालवी फुटत असल्याने यू कितीही छाटला तरी सहन करतो, म्हणून कुंपण, भिंती, पक्ष्यांचे आकार, सगळं त्यातून कोरतात. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉलची बाग १६९०च्या दशकातली, तिथली कापीव झाडं आजही आकारात आहेत. आणि पाल्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये त्या वर्षीच्या कोवळ्या वाढीची छाटणी उन्हाळ्यात गोळा करायचे, दुसरा कचरा मिसळू द्यायचे नाहीत, आणि ती कॅन्सरच्या औषधासाठी कारखान्यात पाठवायचे.